लघवीवर कंट्रोल राहत नाही: रोजच्या जगण्यातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघवी गळण्यावर माहिती शोधली की व्याख्या, प्रकार, कारणं असं सगळं शिस्तीत मिळतं, पण "मग आज बाहेर जाताना घालू काय" याचं उत्तर कुठे सापडत नाही. म्हणून इथे रोजच्या भानगडींवर भर आहे, थिअरी लागेल तेवढीच. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, यात गळण्यापेक्षा लपवण्यातच माणसाची ताकद जास्त जाते आणि लपवण्यासाठी केलेले बरेच उपाय, म्हणजे पाणी तोडणं, दर अर्ध्या तासाने जाऊन येणं, घराबाहेर पडणंच बंद करणं, हे त्रास उलट वाढवतात. खालची निम्मी उत्तरं त्याच्याभोवतीच फिरतायत.

वय झालं की हे व्हायचंच, मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं, "व्हायचंच" हे खरं नाही. ऐंशीच्या पुढचे कितीतरी लोक कोरडे असतात आणि बाळंतपणानंतर तिशीतच गळायला लागलेल्या बायकाही भरपूर असतात. हा स्वतः एक आजार नाही, लक्षण आहे, मागे कधी इन्फेक्शन निघतं, कधी वाढलेली शुगर, कधी प्रोस्टेट, कधी दुसऱ्याच कशाची तरी गोळी, कधी नुसतं बद्धकोष्ठ. हो, बद्धकोष्ठ. आतडं भरलेलं असलं की ब्लॅडरला (मूत्राशयाला) नीट भरायला आणि रिकामं व्हायला जागाच राहत नाही. यातली काही कारणं थोड्या दिवसांच्या उपचारात सुटतात आणि लोक मात्र वर्षानुवर्षं पॅड लावून गप्प बसतात, मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

"कुठल्या प्रकारचं आहे" असं डॉक्टरांनी विचारलं, काय सांगू?

नाव सांगू नका, नेमकं कधी होतं ते सांगा, नाव ते लावतील. खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना थोडीशी सुटते तो स्ट्रेस प्रकार, इथे मनाच्या स्ट्रेसचा संबंध नाही, पोटातल्या दाबाचा आहे. अचानक इतकी घाई लागते की टॉयलेटपर्यंत पोचता येत नाही तो 'अर्ज' (इंग्रजीतला urge, म्हणजे अनावर घाई) प्रकार. दोन्ही होतं ते मिक्स्ड, बायकांमध्ये हे बरंच दिसतं. ब्लॅडर कधी पूर्ण रिकामंच होत नाही आणि भरून वाहणाऱ्या टाकीसारखं थेंब थेंब गळत राहतं तो ओव्हरफ्लो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत किंवा जुन्या डायबेटीसमध्ये हे बघतात. आणि एक प्रकार असा की ब्लॅडर ठीक आहे पण गुडघे दुखतात, चालणं हळू झालंय, बटणं पटकन निघत नाहीत, त्यामुळे वेळेत पोचणं होत नाही. हा शेवटचा प्रकार घरातलं फर्निचर हलवून आणि नाडी-बटणाऐवजी इलॅस्टिकची पँट घालून अर्धा बरा होतो, त्याला गोळी कशाला.

अपॉइंटमेंटला जाण्याआधी काही तयारी करावी का?

एकच करा, तीन दिवस डायरी लिहा. किती वाजता काय आणि किती प्यायलो, किती वाजता लघवीला गेलो, किती झाली (प्लॅस्टिकचा मापाचा मग टॉयलेटमध्ये ठेवा, सुरुवातीला विचित्र वाटतं), कधी गळली आणि तेव्हा काय करत होतो. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. ही डायरी दाखवली की डॉक्टरांचे अर्धे प्रश्न संपतात आणि "मला वाटतं दिवसाला खूप वेळा होत असेल" असलं मोघम बोलणं टळतं. आधी फॅमिली डॉक्टर चालतात, लघवीची तपासणी आणि शुगर तिथेच होते, पुढे युरॉलॉजिस्ट किंवा बायकांसाठी गायनॅक, आणि पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर फारच उत्तम.

पाणीच कमी प्यायलं तर?

सगळे हेच करतात आणि इथेच गाडी घसरते. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी ब्लॅडरच्या आतल्या अस्तराला चुरचुरते, मग थोडी साठली तरी घाई लागते. वर इन्फेक्शनची शक्यता वाढते, बद्धकोष्ठ होतं (त्याचं वर सांगितलंच) आणि वासही जास्त येतो. म्हणजे ज्यासाठी पाणी सोडलं तेच सगळं वाढून मिळतं. बहुतेकांना दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ पुरतात, लघवीचा रंग फिकट पिवळा असला की ठीक चाललंय समजा. हार्ट किंवा किडनीमुळे डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेच पाळायचं.

कमी करायचं ते पाणी नाही, वेळ बदलायची. सकाळपासून दुपारपर्यंत जास्त, संध्याकाळनंतर हात आखडता, झोपायच्या दोन-तीन तास आधी फक्त घोटभर. आणि एका दमात मोठा ग्लास रिकामा करण्यापेक्षा थोडं थोडं.

चहा-कॉफी सोडावी लागेल का?

सगळ्यांनाच नाही. कॅफिनने लघवी वाढते आणि काहींचं ब्लॅडर त्याने चिडतं, दारू, सोडा असलेली ड्रिंक्स, शुगर-फ्री गोडवा घातलेले पदार्थ यांचंही काहींच्या बाबतीत तसंच असतं. पण कोणाला कशाने होतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट आठ-दहा दिवस बंद करा आणि फरक नसेल तर खुशाल परत सुरू करा. कॅफिन एकदम तोडलं की डोकं दुखतं, हळूहळू उतरवा. उगाच सगळं एकदम बंद करून आयुष्य बेचव करण्यात अर्थ नाही.

घराच्या दारात किल्ली लावली की सुटतेच, तोपर्यंत काहीच नसतं, असं का?

हे इतकं कॉमन आहे की ऐकून लोकांना हायसं वाटतं. दार, किल्ली, नळाचा आवाज, हात गार पाण्यात जाणं, याच्याशी मेंदूने लघवीची सांगड घातलेली असते, दार दिसलं की सिग्नल सुटतो. तेव्हा सगळ्यात वाईट म्हणजे पळत सुटणं, पळताना पोटाचा दाब वाढतो आणि लक्ष सगळं तिथेच जातं. त्याऐवजी जागेवर थांबा, जमलं तर बसा किंवा पाय एकमेकांवर घट्ट घ्या, खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळा आणि सोडा, डोकं दुसरीकडे न्या, १०० पासून सात-सात वजा करत उलटं मोजणं मला तरी चालतं कारण गणितात लक्ष द्यावंच लागतं. घाईची लाट असते, चढते आणि ओसरते, ओसरली की मग चालत जा. पहिल्या दिवशी जमणार नाही, काही आठवड्यांनी जमतं.

गळू नये म्हणून मी सारखा आधीच जाऊन येतो, बरोबर ना?

बाहेर पडण्याआधी एकदा, ठीक आहे. पण दर अर्ध्या तासाने "असू दे, जाऊन येऊ" करत राहिलं की ब्लॅडरला थोड्याशा लघवीवरच बोंब मारायची सवय लागते. मोठ्या माणसाच्या ब्लॅडरमध्ये साधारण ४०० ते ५०० एमएल मावते, पहिली जाणीव त्याच्या निम्म्याच्याही आधी होते, म्हणजे जाणीव झाली याचा अर्थ भरलंय असा नाही. यावर ब्लॅडर ट्रेनिंग करतात, आत्ता तासाने जात असाल तर सव्वा तास, तो जमला की दीड, असं वाढवत तीन-चार तासांपर्यंत. किमान सहा आठवडे तरी द्या. ओव्हरफ्लोवाल्यांनी मात्र हे करायचं नाही, त्यांना उलट वेळेवर रिकामं करणं गरजेचं असतं, म्हणूनच आधी प्रकार कळायला हवा.

केगल व्यायाम करून खरंच काही होतं का? मी केले, काही फरक नाही.

होतो, स्ट्रेस प्रकारात तर हाच पहिला उपचार आहे. आर्नल्ड केगल या अमेरिकन गायनॅक डॉक्टरने १९४८ मध्ये हे मांडलं, तेव्हापासून टिकलंय. फरक न पडण्याची कारणं बहुतेक दोन, एक तर चुकीचे स्नायू आवळले जातात, पोट, मांड्या, कुल्ले सगळं ताठ आणि जे आवळायचं ते सैलच, किंवा दोन आठवड्यांत सोडून दिलं.

बरोबर स्नायू ओळखायचा तर गॅस अडवताना जे आत-वर ओढलं जातं ते. श्वास चालू हवा, पोट मऊ हवं. पाच सेकंद आवळा, तेवढंच सोडा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या, एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, आणि तीन महिने. तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका. लघवी करता करता मध्येच धार अडवून व्यायाम करायचा नाही, ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक, सवयीने ब्लॅडर नीट रिकामं होत नाही. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, काही लोकांचे हे स्नायू आधीच घट्ट असतात आणि त्यांना केगलने दुखायला लागतं, तसं झालं तर थांबा आणि फिजिओला दाखवा.

आणि एक युक्ती जी व्यायामापेक्षा लवकर कामाला येते, शिंक किंवा खोकला येणार असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी आवळून धरायचं. उठताना, पिशवी उचलतानाही तेच.

पाळीचे सॅनिटरी पॅड घरात असतातच, तेच वापरले तर?

अडीअडचणीला वापरा, रोज नको. पाळीचं रक्त हळू येतं आणि घट्ट असतं, लघवी पातळ असते आणि एकदम येते, ते पॅड इतक्या वेगाने शोषत नाहीत, वरचा भाग ओला राहतो आणि त्वचा खराब होते. लघवीच्या पॅडमध्ये जेल होणारी पावडर जास्त असते, ती ओल धरून ठेवते.

मग नेमकं काय घेऊ? दुकानात इतके प्रकार असतात की गोंधळ उडतो.

किती गळतं आणि माणूस किती हिंडता-फिरता आहे या दोनच गोष्टींवर ठरवा. थेंब किंवा छोटी पिचकारी असेल तर पातळ पॅड, पुरुषांसाठी पुढे जास्त शोषणारे कपच्या आकाराचे गार्ड मिळतात. त्याहून जास्त असेल आणि स्वतः टॉयलेटला जाता येत असेल तर पुल-अप, चड्डीसारखी चढवायची. झोपून असलेल्या माणसाला टेपवाला डायपर, कारण पुल-अप बदलायची तर पाय उचलून सगळे कपडे काढावे लागतात, करणाऱ्याची कंबर जाते. थोडं गळणाऱ्यांना धुवून वापरायच्या शोषक चड्ड्या परवडतात, फक्त त्या धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, शोषणं कमी होतं.

पॅकेटवरच्या एमएलच्या आकड्यावर फार जाऊ नका. तो आकडा लॅबमध्ये अख्खं पॅड बुडवून काढलेला असतो, अंगावर वजन पडतं, लघवी एकाच जागी येते, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी मावतं. घरी नळाचं पाणी ओतून टेस्ट करणारेही असतात, त्यातही फसगत होते, कारण ती जेलवाली पावडर साध्या पाण्यात भरपूर फुगते आणि लघवीत क्षार असल्यामुळे तेवढी फुगत नाही. एकदम मोठा पॅक घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांचे छोटे पॅक आणून रात्रीचा आणि दिवसाचा वेगळा बघा. बहुतेकांना दिवसा पातळ आणि रात्री जाड असे दोन प्रकार लागतात, चोवीस तास जाडच घालून बसायची गरज नसते.

दोन पॅड एकावर एक लावणं हा लोकांचा आवडता जुगाड, पण बऱ्याच पॅडना खालून प्लॅस्टिक असतं, वरचं भरलं की लघवी खालच्यात न जाता बाजूने येते. त्यासाठी खालून प्लॅस्टिक नसलेले वेगळे बूस्टर पॅड मिळतात.

पॅड भरलेला नसतो तरी बाजूने लीक होतो, का?

बहुतेक वेळा साइज. "मोठा घेतला की जास्त मावेल" या समजुतीने लोक एक साइज वरचा घेतात आणि मांडीपाशी फट राहते. कंबर आणि हिप दोन्ही मोजा, जे मोठं येईल त्यावर साइज घ्या. घालण्याआधी पॅड लांबीत दुमडून थोडा पन्हाळीसारखा करा, म्हणजे बाजूच्या उभ्या पट्ट्या वर येतात, त्या आत दबलेल्या राहिल्या की काही उपयोग नाही. पुरुषांनी लिंग खालच्या दिशेला ठेवायचं, वर राहिलं तर लघवी थेट कमरेच्या इलॅस्टिकमधून बाहेर, कुशीवर झोपणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. आणि वरून जरा घट्ट चड्डी घाला, पॅड अंगाला चिकटून राहतो.

माझा वास येतो का? लोक सांगणार नाहीत ना.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. हवेत आणि कपड्यात राहिली की बॅक्टेरिया तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, तो खुपणारा वास त्याचा. त्यामुळे बंद पॅडमधल्या, वेळेवर बदललेल्या लघवीचा वास शेजारी बसलेल्या माणसापर्यंत जवळपास जात नाही, तुम्हाला येतो कारण तुमचं लक्ष दिवसभर तिथेच असतं. वास घराला येतो तो बहुतेक वेळा चपलांमुळे, खुर्चीच्या कापडामुळे, टॉयलेटच्या फरशीच्या कडांमुळे आणि "नंतर धुवू" म्हणून ठेवलेल्या कपड्यांमुळे. परफ्यूम मारू नका, दोन वास मिसळून तिसराच भयंकर होतो. लघवीला नेहमीपेक्षा वेगळा, उग्र वास येत असेल आणि जळजळ असेल तर मात्र तपासणी करा.

रॅश जातच नाही. पावडर लावतो, डेटॉलने धुतो, तरी.

दोन्ही बंद करा. निरोगी त्वचा थोडी आम्लधर्मी असते, साधारण ५ पीएचच्या आसपास, तेच तिचं संरक्षण. अमोनिया तिला अल्कधर्मी करतो, वरून कडक साबण आणि अँटिसेप्टिक लावलं की उरलंसुरलं कवचही जातं. पावडर ओली झाली की गोळे होतात आणि सांध्यात घासतात.

काय करायचं, तर सौम्य, वास नसलेलं क्लिन्झर किंवा नुसतं कोमट पाणी, चोळायचं नाही, टिपायचं. पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, वेळ असेल तर दहा मिनिटं उघडं. मग बॅरियर क्रीम, झिंक ऑक्साइड, डायमेथिकोन किंवा पेट्रोलियम जेली असलेलं, पातळ थर. पातळ यावर जोर आहे, जाड थापलं की ते पॅडवर लागून पॅडच शोषायचं थांबतं. दर वेळी आधीचं क्रीम खरवडून काढायची गरज नाही, मळलेला थर पुसा आणि वर लावा. शी लागली असेल तर एक मिनिट थांबू नका, तिच्यातले एन्झाइम ओल्या त्वचेला फार पटकन खातात, नुसत्या लघवीपेक्षा कितीतरी वाईट.

लालीच्या कडेला बारीक बारीक लाल पुटकुळ्या पसरल्या असतील तर बुरशी असू शकते, त्याला वेगळं मलम लागतं. आणि माकडहाडावर, टाचेवर, हाडाच्या बरोबर वर लाल डाग असेल जो दाबल्यावर पांढरा होत नाही, तर तो रॅश नाही, बेडसोरची सुरुवात आहे, कूस बदलायला सुरुवात करा आणि त्याच दिवशी दाखवा. त्वचा सावळी असेल तर लाली दिसत नाही, त्या जागेचा रंग गडद किंवा जांभळट होतो आणि हात लावला की गरम, कडक लागते.

रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, झोपेचं खोबरं झालंय.

आधी पाय बघा. संध्याकाळी घोट्यावर सूज असेल तर दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि लघवी होऊन बाहेर पडतं. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते काम संध्याकाळीच उरकतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर घ्यायची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. खूप घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) तपासा, त्यातही रात्री लघवी जास्त बनते, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

उठायचंच असेल तर पडायचं नाही. रात्रीच्या घाईत घसरून खुब्याचं हाड मोडणं हे लघवी गळण्यापेक्षा हजारपट महाग पडतं. वाटेत मंद दिवा, सैल पायपुसणी बाहेर, टॉयलेट लांब असेल तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची किंवा युरिनल. लाज कसली, ती खुर्ची सकाळी पडद्यामागे जाते.

गादी आणि सोफा कसा वाचवायचा?

गादीला वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर चादर, त्यावर अंडरपॅड (ओल शोषणारं पसरायचं पॅड), त्यावर परत कव्हर आणि चादर असे दोन थर एकदमच घालून ठेवा, रात्री ओलं झालं की वरचा थर ओढून टाका आणि झोपा. गादीत मुरलंच तर आधी टिपून घ्या, गार पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर आणि त्याला भिजून राहायला वेळ द्या, लगेच पुसलं तर उपयोग नाही. आणि हे अगदी लक्षात ठेवा, लघवीवर ब्लीच ओतू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. बंद बाथरूममध्ये तर अजिबात नाही.

ऑफिस आणि प्रवास कसा जमवायचा?

बॅगेत एक छोटा पाऊच कायमचा, दोन पॅड, एक चड्डी, वास नसलेले वाइप्स, काळ्या पिशव्या, बस. घरातून निघताना भरायचा नाही, घरी आल्या आल्या भरून ठेवायचा. गडद रंगाची पँट, कमरेला बांधता येईल असा शर्ट किंवा जॅकेट. सीट पॅसेजच्या बाजूची घ्या. टॉयलेट कुठे आहे हे पोचल्या पोचल्या बघून ठेवा, नुसतं माहीत असलं तरी घाई कमी लागते. लांबच्या प्रवासात दिवसभर उपाशी-तहानलेलं राहू नका, एक जास्त शोषणारा पॅड घाला आणि पाणी प्या.

ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगायची गरज नाही. पण मीटिंगमधून उठावं लागत असेल तर एका माणसाला "मेडिकल कारणामुळे मला मध्येच उठावं लागतं" एवढं सांगून ठेवलं की रोज नवीन बहाणा शोधायचा ताप जातो.

व्यायामच सोडून दिला, उड्या मारल्या की गळते.

उड्या सोडा, व्यायाम सोडू नका. चालणं, सायकल, पोहणं चालू ठेवा आणि पॅड लावून करा. वजन जास्त असेल तर उतरवण्याचा थेट फायदा आहे, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये जास्त वजनाच्या बायकांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं आणि त्यांचं गळणं जवळपास निम्म्याने कमी झालं. ८ टक्के म्हणजे ८० किलोच्या बाईला साडेसहा किलोच्या आसपास, अशक्य नाही.

जोडीदाराजवळ जायलाच भीती वाटते.

संबंधाच्या वेळी गळणं बऱ्याच जणींना होतं आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही. आधी लघवी करून घ्या, खाली गडद टॉवेल टाका, पोझिशन बदलून बघा. पण आधी बोला, आणि ते पलंगावर नाही, दुसऱ्या कुठल्यातरी निवांत वेळी. न सांगता टाळत राहिलं की समोरच्याला वाटतं आपणच नकोसे झालो, आणि त्या गैरसमजाला पॅड नसतो.

पुरुषांना लघवी झाल्यावर पँटमध्ये दोन थेंब येतातच, हाही आजार का?

नाही, नळीच्या वाकात थोडी लघवी अडकलेली असते. झाल्यावर काही सेकंद थांबा, अंडकोशाच्या मागे बोटांनी हलकं दाबून पुढच्या दिशेने सरकवा, अडकलेली बाहेर येते. प्रोस्टेट काढल्यावरचं गळणं वेगळं, ते बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात बरंच सुधारतं, व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घेतलेला बरा.

शीवरही कंट्रोल राहत नाही, हे तर कुणाला सांगताच येत नाही.

डॉक्टरांना सांगा, त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं. गंमत म्हणजे पातळ शी गळतेय म्हणून जुलाब थांबवायची गोळी घेतली जाते आणि मूळ कारण बद्धकोष्ठ निघतं, आत कडक खडा अडकलेला आणि त्याच्या कडेने पातळ येत असतं. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी नको. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं, तेव्हा रोज त्याच वेळी कमोडवर बसा, पाय छोट्या स्टुलावर, कुंथायचं नाही. बऱ्याच जणांचा दिवस यानेच सुरळीत होतो.

दुसऱ्या आजाराच्या गोळ्यांनी हे होत असेल का?

होऊ शकतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उघडच आहेत. डायबेटीसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गटाने लघवी वाढते. बीपीच्या प्राझोसिनसारख्या गोळ्यांनी बायकांमध्ये खालची पकड सैल पडते, बीपीच्याच काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि खोकल्याने गळते. झोपेच्या गोळ्यांनी जागच येत नाही. पण स्वतःहून एकही बंद करू नका, यादी दाखवा आणि पर्याय विचारा.

व्यायामाने नाही झालं तर पुढे काय?

पुढे बरंच आहे. घाईच्या प्रकारात सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन किंवा मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या, पहिल्या दोन्हींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा, गोंधळ वाढू शकतो, ते घरच्यांनी बघायचं. पाळी गेलेल्यांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम. ब्लॅडरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन, काही महिन्यांनी परत घ्यावं लागतं. स्ट्रेस प्रकारात बायकांना पेसरी (योनीत बसवायचं आधाराचं साधन) किंवा स्लिंगचं (लघवीच्या नळीला खालून पट्टीचा आधार द्यायचं) ऑपरेशन, पुरुषांना कृत्रिम स्फिंक्टर (लघवीची नळी बंद ठेवणारी बसवलेली झडप). "यावर काही इलाज नाही" असं पहिल्याच भेटीत कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

कायमचा कॅथेटर घालून टाकला तर सगळी कटकट जाईल ना?

कटकट बदलेल. कायम नळी म्हणजे इन्फेक्शन, खडे, नळी चोंदणं, आणि नळीच्या कडेनेही गळतंच काही वेळा. लघवी उतरतच नसेल किंवा जखम कोरडी ठेवायची असेल तर गरज असते, सोयीसाठी म्हणून नको. पुरुषांना बाहेरून बसवायचा कंडोम कॅथेटर मिळतो, साइज मोजून घ्यायचा, रोज बदलायचा, घट्ट झाला तर काढायचा.

वडील मान्यच करत नाहीत, ओली पँट लपवून ठेवतात.

ओरडू नका आणि चार लोकांसमोर विषय काढू नका. "बाबा, तुम्हाला गळतंय" पेक्षा "रात्री उठायला नको म्हणून हे आणलंय, बघा जमतंय का" असं म्हणून पॅकेट त्यांच्या कपाटात त्यांच्या हाताला येईल असं ठेवा आणि खोलीतून बाहेर पडा. टाकायला झाकणाचा डबा त्यांच्याच बाथरूममध्ये ठेवा, लपवायचं कारणच संपतं. बदलायला मदत लागत असेल तर कोणाकडून चालेल हे त्यांना ठरवू द्या, काहींना मुलगा चालतो, काहींना सुनेपेक्षा बाहेरचा मदतनीस परवडतो, त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही.

डिमेंशिया असेल तर विचारून उपयोग नाही, दर दोन तासांनी "चला जाऊन येऊ" म्हणून न्यायचं. टॉयलेटचं दार उघडं आणि आत दिवा लावलेला ठेवा, सीट फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची असली की दिसते. अचानक वाढलं, सोबत भ्रम झाला, झोप जास्त यायला लागली तर "आजार वाढला" समजून बसू नका, इन्फेक्शन, बद्धकोष्ठ किंवा नवी गोळी यातलं काही आहे का ते आधी बघा.

कधी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं?

कंबर दुखतेय आणि त्यासोबत मांड्यांच्या मधला भाग बधिर, पायात जोर नाही, लघवी-शीवरचा ताबा अचानक गेला, तर त्याच क्षणी, मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि तिथे तासांचा हिशेब असतो. लघवी अजिबात होत नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, हेही तसंच. थंडी वाजून ताप आणि कमरेत दुखणं, त्याच दिवशी. लघवीत रक्त दिसलं तर, दुखत नसलं तरी, एकदाच दिसलं तरी, दाखवायचंच.

वापरलेले पॅड टाकायचे कुठे? आणि बाहेरच्या टॉयलेटमध्ये डबाच नसतो.

फ्लश कधीच करू नका, ते फुगतात आणि पाइप चोंदतो, "फ्लशेबल" लिहिलेले वाइप्ससुद्धा नको. शी असेल तर ती कमोडमध्ये झटकून मग पॅड आतल्या बाजूला घट्ट गुंडाळायचा, टेप असेल तर त्याच टेपने बंद, कागदात आणि मग पिशवीत. घरी झाकणाचा पायाने उघडणारा डबा, रोज रिकामा. बाहेर असाल तर जाड काळी पिशवी गाठ मारून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, झिपवाली पिशवी असेल तर वास अजिबात येत नाही, आणि डबा दिसेल तिथे टाकायची. उभ्या उभ्या बदलायचं असेल तर पुल-अप बाजूच्या शिवणीवर फाडून काढा, पायातून ओढत बसू नका, नवीन चढवायला मात्र बूट काढावे लागतात, म्हणून लांब जायचं असेल त्या दिवशी सहज निघणाऱ्या चपला.